सूचक कोण, अनुमोदक कोण?

मागील अंकात आम्ही वाचकांना स्त्रियांच्या सार्वजनिक नेतृत्वाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेली बहुतेक पत्रे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतली निघाली. त्यांतील पाच पत्रे संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून येथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. सोडतीत आमच्या गावचे सरपंचपद महिलेसाठी निघाले आणि मी निवडून आले. पण कार्यालयात माझ्या खुर्चीशेजारी यजमान बसतात, लोक त्यांच्याशीच बोलतात, ग्रामसेवकही कागद आधी त्यांना दाखवतात आणि मग माझ्यासमोर सहीला ठेवतात. त्यातून गावाचे मोठे निर्णय मुंबईच्या मंडळात होतात आणि मे महिन्यात चाकरमानी आले की आम्हाला कळवले जातात. मी भांडखोर नाही आणि मला घरात वाद नको आहे. मी नेमके काय करू?
— एक सरपंच, गुहागर तालुका

उत्तर : भांडण न करताही पुष्कळ काही करता येते, आणि त्याची सुरुवात मी तुम्हाला इतिवृत्ताच्या वहीपासून करायला सांगेन, जिला गावोगाव सगळे प्रोसिडिंग म्हणतात. काही वर्षांपूर्वी महिला सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी एका गावी गेले असता मी ती वही मागून घेतली होती. नऊ सदस्यांत पाच स्त्रिया होत्या आणि हजेरीच्या पानावर पाचही जणींच्या सह्या अगदी वळणदार होत्या. परंतु वर्षभरात झालेल्या ठरावांखाली सूचक, म्हणजे ठराव मांडणारी, किंवा अनुमोदक, म्हणजे त्याला दुजोरा देणारी, म्हणून एकाही स्त्रीचे नाव नव्हते. विचारल्यावर एक सदस्या हसून म्हणाली, "विहिरीचं मीच बोलले होते, पण लिहिताना भाऊंचं नाव घातलं." हे कोणी कपटाने केले असेल, असे मला वाटले नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला ते वळणच नव्हते.

महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना १९९० मध्ये ३० टक्के जागा दिल्या, ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर किमान एक तृतीयांश जागा आल्या आणि २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेले. खुर्ची या कायद्यांनी मिळते, पण ठरावाखालची सूचकाची ओळ कोणताही कायदा आपोआप तुमच्या नावावर लिहीत नाही. ती दर बैठकीत, इतिवृत्त कायम होण्यापूर्वी, आपली आपण वाचून घ्यावी लागते. तेव्हा पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त मोठ्याने वाचायला सांगा आणि ज्या बाईने विषय मांडला असेल तिचे नाव सूचक म्हणून घालून घ्या. यात भांडण कसले? इतिवृत्त वाचून कायम करणे ही बैठकीची नेहमीचीच रीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक आजकालची आहे. वित्त आयोगाच्या निधीतून होणारी देयके आता संगणकावरून, सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीने जातात आणि ती सही एका लहानशा डोंगलमध्ये असते. तुमचा डोंगल आज कोणाच्या खणात आहे? मी हा प्रश्न प्रशिक्षणात विचारते, तेव्हा बहुतेक वेळा सभागृहात आधी शांतता पसरते आणि मग कोणीतरी "ऑपरेटरकडे" असे उत्तर देते. पासवर्डही त्याच्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असतो. तो डोंगल घरी न्या, पासवर्ड बदलून घ्या आणि ज्या देयकावर सही करायची ते काम आधी स्वतः जाऊन पाहा; गटाराचे असेल तर गटार, पाखाडीचे, म्हणजे दगडी पायवाटेचे, असेल तर पाखाडी. महिनाभरात कागद आपोआप तुमच्याकडे आधी येऊ लागतील, कारण तुमच्या हाताशिवाय पैसा हलणार नाही.

यजमानांविषयी लिहिताना मला जरा जपून लिहावेसे वाटते. त्यांना गावच्या राजकारणाची जाण असेल तर तिचा उपयोग घरी, चहाच्या वेळी जरूर करून घ्या. कार्यालयात मात्र सदस्य नसलेल्या नातेवाइकाने कामकाजात भाग घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत, आणि हा प्रश्न इतका सार्वत्रिक आहे की तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने २०२३ मध्ये त्यासाठी समितीच नेमली. म्हणजे 'सरपंचपती' हे पद दिल्लीलाही ठाऊक आहे, एवढाच त्यातला विनोद. आपण ग्रामसेवकांना एक साधे पत्र, जावक क्रमांकासह, द्यावे की बैठकीची विषयपत्रिका आणि देयके थेट सरपंचांकडे यावीत. पत्रात यजमानांचा उल्लेखही करू नये, म्हणजे कोणाचा मान जाणार नाही आणि काम होईल.

मुंबईच्या मंडळाचा प्रश्न खास कोकणी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. पिढ्यान्पिढ्या पुरुष नोकरीसाठी मुंबईला गेले. गावात शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि पाणी यांचा भार बायकांनी उचलला, तरी गावाविषयीचे निर्णय मात्र लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत, रविवारी दुपारी, पुरुषांनी घ्यायचे, ही रीत तशीच राहिली. मंडळाने शाळेला बाके दिली, मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्याबद्दल आदर असावाच; पण नळपाणी योजनेची टाकी कोणत्या वाडीत बसवायची हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे आणि ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतले लोक. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. बहुतेक गावी ती दहा मिनिटांत, सह्या घेऊन उरकली जाते. ती तुम्ही झऱ्याजवळ किंवा अंगणवाडीत, बायकांना सोयीच्या वेळी भरवा. एप्रिल-मे महिन्यात कोणत्या घरापासून विहीर किती लांब पडते आणि एका कळशीला किती वेळ थांबावे लागते, हे तिथेच लिहून घ्या आणि तो कागद ठराव म्हणून ग्रामसभेत ठेवा. मंडळाला नंतर प्रत पाठवावी, सस्नेह.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम व राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यांच्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक गुंतवणूक केल्याचे त्यांना आढळले, आणि गावातल्या स्त्रियांच्या तक्रारींतही पाणी पुढे होते. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला हे सांगायला अभ्यासाची गरज नव्हती, हे खरे. पण जिल्हा परिषदेत प्रस्ताव मांडताना असा आधार उपयोगी पडतो.

प्रश्न : गुणवत्ता असेल तर स्त्री आपोआप वर येईल. पंचायतीत खुर्च्या वाटून झाल्या, आता विधानसभा आणि लोकसभेतही तेच. यातून काय साधणार?
— एक वाचक, मूळ गाव राजापूर तालुका, सध्या डोंबिवली

उत्तर : 'आपोआप' या शब्दाला आपण पुष्कळ वेळ दिला आहे. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, त्याआधीच्या लोकसभेत ७८ होत्या. तेरेखोलची खाडी ओलांडली की लागणाऱ्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होत्या. मुख्यमंत्री असलेले वडील भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर त्या पदावर आल्या हे खरे असले, तरी १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतः जिंकली. खाडीच्या अलीकडे, १९६० पासून, एकही स्त्री मुख्यमंत्री झाली नाही, आणि राज्याच्या मुख्य सचिवपदी पहिली स्त्री, सुजाता सौनिक, २०२४ मध्ये आल्या. एवढ्या वर्षांत महाराष्ट्रात गुणवान स्त्रीच जन्मली नाही, असे आपल्यालाही म्हणायचे नसेल.

लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागांची तरतूद करणारे पहिले विधेयक १९९६ मध्ये आले. १०६वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी. मात्र पुढची जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच ती लागू होईल, अशी अट त्याच दुरुस्तीत घातली गेली. विरोधात दोन मते आणि तरी मुदत अनिश्चित, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

आपल्या आक्षेपात एक गोष्ट मात्र मी मान्य करते. आरक्षण फिरते असल्यामुळे पाच वर्षांत काम हाताला बसते तोच जागा खुली होते आणि 'आता पुरुषाला संधी द्या' असे म्हणून तिला घरी बसवले जाते. हा दोष खरा आहे. तरीही पश्चिम बंगालमधील आणखी एका अभ्यासात असे दिसले की जिथे प्रमुखपद लागोपाठ दोनदा स्त्रीसाठी राखीव राहिले, तिथे पुढे खुल्या जागांवरही अधिक स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. लोकांच्या नजरेला बाईचा कारभार पाहण्याची सवय व्हावी लागते, एवढेच.

प्रश्न : मी सावंतवाडीला पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. मला परराष्ट्र सेवेत जायचे आहे. घरी आजोबा म्हणतात, देशादेशांतले राजकारण हे बायलमाणसाचे काम नव्हे. त्यांना काय उत्तर देऊ?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आजोबांना प्रथम बांबुळी गावाची आठवण करून द्या. सिंधुदुर्गातल्या या गावचे मूळ घराणे असलेल्या पंडितांच्या घरात विजयालक्ष्मी लग्न होऊन आल्या आणि १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षपदी निवडल्या गेलेल्या जगातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याआधी मॉस्को आणि वॉशिंग्टन येथे त्या भारताच्या राजदूत होत्या. म्हणजे आजोबांच्याच जिल्ह्याच्या एका सुनेने ते काम सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवले आहे.

पण त्यांच्या आयुष्यातली दुसरी एक घटना मला याहून महत्त्वाची वाटते. १९४४ मध्ये पती रणजित पंडित यांचे निधन झाले तेव्हा विजयालक्ष्मींना तीन मुली होत्या, मुलगा नव्हता, आणि हिंदू विधवेची वारसाहक्कातली बाजू त्या काळच्या कायद्यात किती लंगडी होती याचा अनुभव त्यांना स्वतःला घ्यावा लागला. तो कायदा बदलावा यासाठी त्यांनी अखिल भारतीय महिला परिषदेबरोबर काम केले. वारसा कायदा १९५६ मध्ये आला, मुलीला जन्मतः वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि देशभर तो २००५ मध्ये मिळाला. आजही कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावे असतात आणि जी बाई बागेला शिंपणे करते तिचे नाव त्यात सापडत नाही. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी माड-पोफळी आडव्या केल्या तेव्हा भरपाईच्या यादीत याचा अर्थ काय होतो ते अनेकींना कळले. पंचनाम्याला उभी राहणारी ती होती, खात्यात रक्कम यायची ती मात्र सातबाऱ्यावरच्यांच्या. परराष्ट्र सेवेत जाल तेव्हा हे विसरू नका. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर बोलणाऱ्या बाईलाही घरच्या कागदावर नाव नसू शकते.

दुसरे नाव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहता यांचे. त्या आयोगाने तयार केलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत' अशा अर्थाचा जुना इंग्रजी शब्दप्रयोग होता. त्यात स्त्रियाही येतातच, असे पुष्कळांचे मत होते. हंसाबेनांनी हरकत घेतली की उद्या कोणी शब्दशः अर्थ लावला तर स्त्रिया बाहेर राहतील, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या जाहीरनाम्यात 'सर्व मानव' असे शब्द आले. प्रास्ताविकेत 'पुरुष आणि स्त्रिया यांचे समान हक्क' असा स्पष्ट उल्लेख राहावा म्हणून भारताच्याच लक्ष्मी मेनन आग्रही होत्या. मराठी माणसाला ही हरकत लगेच पटावी, कारण आपल्याकडे नुसत्या 'माणूस' शब्दावर भागत नाही म्हणून तर आपण 'बाईमाणूस' म्हणतो आणि आजोबांनीही 'बायलमाणूस' असेच म्हटले. जाता जाता हेही सांगा की धोंडो केशव कर्वे या दापोलीजवळच्या मुरुडच्या गृहस्थांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद याच हंसाबेनांनी भूषवले.

आता सेवेविषयी. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या सी. बी. मुथम्मा या त्या सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी. तेव्हाच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि लग्नामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यायला सांगता येई; पुरुष अधिकाऱ्याला असे काही नव्हते. बढती डावलली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कठोर ताशेरे ओढले. देशाच्या परराष्ट्र सचिवपदी पहिली स्त्री, चोकिला अय्यर, २००१ मध्ये आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत २००७ मध्ये लायबेरियाला गेलेली केवळ स्त्रियांची पहिली पोलीस तुकडीही भारताचीच होती. तरी तिथलाही हिशेब पुरा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या नऊ सरचिटणीसांमध्ये एकही स्त्री नव्हती. आजोबांना याहून अधिक पुरावा हवा असेल तर त्यांना तुमच्या प्रशिक्षणाच्या शपथविधीला घेऊन जा. तोपर्यंत रोज एक वृत्तपत्र पूर्ण वाचा आणि इंग्रजीचा धसका सोडा.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळच्या एका लहान काजू कारखान्यात आम्ही आठ जणी कामाला आहोत. देखरेख करणारा माणूस अंगचटीला येतो, मालक ऐकून घेत नाही. एवढ्या छोट्या ठिकाणी आम्ही दाद कुठे मागायची?
— नाव नको

उत्तर : जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात तिथल्या तक्रारींसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केल्यास तिचा पत्ता मिळेल. तालुक्याला तक्रार घेणारा अधिकारीही नेमलेला असतो आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्या. उशिराला सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे. तुमचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. आठही जणींनी तारखा आणि प्रसंग आजच कोणाकडून तरी वहीत लिहून ठेवून घ्यावेत, नंतर आठवत नाही.

या कायद्याचा उगम जाणून घेतल्यास धीर येईल म्हणून थोडे लिहिते. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यानंतरच्या विशाखा खटल्यात, १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे कामाच्या ठिकाणच्या छळाविषयी देशात कायदाच नव्हता. तेव्हा न्यायालयाने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला, जो १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झाला होता आणि भारताने १९९३ मध्ये स्वीकारला होता. त्यावरून मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ मध्ये कायदा. न्यूयॉर्कमध्ये संमत झालेला तो कागद असा फिरत फिरत काजूगर सोलणाऱ्या हातांपर्यंत येतो.

प्रश्न : माझी आई हर्णै बंदरावर चाळीस वर्षे मासे विकते. लिलावात बोली लावणे, बर्फ, टेम्पो, उधारी सगळे तीच पाहते. पण कोणतीही योजना आली की 'मच्छीमार' म्हणजे बोटीवर जाणारा पुरुष असेच धरतात. मोठमोठ्या परिषदांत आमच्या आयांविषयी कोणी बोलते का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : बोलले गेले आहे, आणि ते बोलणाऱ्या स्त्रीची हकिगत तुमच्या आईंना अवश्य सांगावी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जून २०१४ मध्ये लहान मच्छीमारीविषयी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. त्यांत मासेमारी म्हणजे केवळ समुद्रावरचे काम नव्हे, तर मासळी काढण्यापूर्वीचे, काढतानाचे आणि काढल्यानंतरचे, पुरुष आणि स्त्रिया यांनी केलेले सर्व काम, असे स्पष्ट म्हटले आहे आणि स्त्री-पुरुष समानतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. जाळी विणणे, निवडणे, सुकवणे, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार जाणे हे सगळे त्यात आले. या सूचनांसाठी वर्षानुवर्षे खपलेल्या चेन्नईच्या चंद्रिका शर्मा याच संघटनेच्या बैठकीसाठी मंगोलियाला निघाल्या होत्या आणि मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानात होत्या. पुढे तीन महिन्यांनी स्वीकारलेल्या त्या सूचना त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आल्या.

या सूचना ऐच्छिक आहेत, कोणत्याही सरकारवर बंधनकारक नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु आपल्याकडे जे हातात आहे तेही वापरले जात नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के साहाय्य असताना स्त्रियांना ६० टक्के आहे आणि तीत बर्फपेटी लावलेल्या वाहनांचाही समावेश आहे. आईंनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन स्वतःच्या नावाने अर्ज मागावा. मुलाच्या किंवा दिरांच्या नावाने घेतलेला टेम्पो लवकरच दुसऱ्याच कामाला लागतो, हे त्यांना मी सांगायला नकोच.

शिवाय बंदरावर मासळी विकणाऱ्या पंचवीस-तीस जणींनी मिळून एक अर्ज करावा, की चक्रीवादळाच्या किंवा मासळी दुष्काळाच्या मदतीच्या याद्या करताना विक्रेत्या स्त्रियांची नोंद वेगळ्या रकान्यात घ्यावी. अर्ज मच्छीमार सोसायटीच्या सभेत ठराव म्हणून मांडता आला तर उत्तम. लिलाव संपून पाट्या धुऊन झाल्या की सगळ्या बंदरावरच असतात, तेव्हाच सह्या घ्याव्यात. आणि ठराव लिहिताना सूचक म्हणून आईंचेच नाव घालावे.